तंबूतून उठून थेट हॉटेलात?

सांगली जिल्ह्यातून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय 48, बँकेत नोकरी, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. साठवलेली रजा काढून येत्या ऑगस्टमध्ये त्या तीन जुन्या मैत्रिणींबरोबर केनियाला निघाल्या आहेत. नेहमीची मसाईमाराची सहल नाही. नैरोबीहून ट्रकने उत्तरेला मार्साबिट, तिथून चाल्बीचं वाळवंट, तुर्काना सरोवराकाठचं लोयांगलानी आणि परतताना साउथ हॉर, मरालाल असा पंधरवडा आहे. झोपायचं तंबूत, जेवण बरोबरचा स्वयंपाकी करणार, अंघोळ जिथे जमेल तिथे. परतीच्या विमानाआधी नैरोबीत तीन रात्री मिळतात. त्याही कॅम्पसाइटवर तंबूतच काढायच्या असं बाकीच्या तिघींचं ठरलं आहे. यांना मात्र त्या वेळी गरम पाण्याची, स्वच्छ चादरींची, दाराला कडी असलेली खोली हवी आहे.

हे बोलून दाखवल्यावर एक मैत्रीण म्हणाली, “खरी आफ्रिका सोडून हॉटेलच बघायचं तर मुंबईत काय कमी आहेत?” यजमान म्हणाले, “त्यापेक्षा तीन दिवस आधी ये, त्या पैशांत हॉलला रंग होईल.” आणि समाजकार्य शिकणारी मुलगी म्हणाली, “पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायका बघून आल्यावर तुला त्या टबात बसवेल का?” त्या लिहितात, “मुलीचं वाक्य मनातून जात नाही. मी लाडावलेली आहे का? की झेपत नसताना हट्टाने निघाले आहे? आणि हॉटेल घ्यायचंच ठरवलं, तर एकट्या बाईने नैरोबीत ते कुठे आणि कसं घ्यावं?”

ताई,

आधी माझं मत सांगते. हॉटेल घ्या. तीन नव्हे, दोन रात्री घ्या, आणि त्या पहिल्या दोन असू द्या. असं का, ते पुढे येईलच. पण तुमच्या पत्रात हॉटेलचा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत आहे आणि मुलीचं वाक्य तीनदा आलं आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात करू.

मुलीला वाटतं तसं दृश्य तुम्हाला दिसणार आहे, यात शंका नाही. लोयांगलानी हे तुर्कानाच्या काठावरचं गाव. समोर क्षितिजापर्यंत हिरवट पाणी, पण ते खारं, क्षारांनी भरलेलं. गावाला आधार झऱ्यांचा. त्या झऱ्यांमुळेच काळ्या लाव्हाच्या दगडांत ताडासारख्या झाडांचा हिरवा पट्टा उगवला आणि गाव वसलं. तिथून पिवळे जेरीकॅन भरून नेणाऱ्या बायका आणि मुली तुम्हाला सकाळ-संध्याकाळ दिसतील. एक जेरीकॅन 20 लिटरचा, म्हणजे भरल्यावर 20 किलोचा. गावापासून लांबच्या वस्त्यांवर तोच जेरीकॅन पाठीवर बांधून किंवा गाढवावर लादून न्यावा लागतो. हे बघून कुणालाही आपल्या नळाची लाज वाटेल. वाटावीच.

पण ही लाज आणि तुमची अंघोळ यांची गाठ कुठे बसते, ते तपासून बघा. जत-आटपाडीकडच्या टँकरपुढच्या घागरींच्या रांगा तुम्ही उन्हाळ्याच्या उन्हाळे पाहिल्या असतील. त्या पाहून घरी आल्यावर तुम्ही अंघोळ सोडली नाहीत. पाणी मात्र जपून वापरायला शिकलात, आणि टँकर का लागतो, पाणी कुणाच्या शेताला जातं, हे प्रश्न विचारायला शिकलात. तीच समज केनियातही पुरेशी आहे. तुम्ही नैरोबीत पारोशा राहिलात म्हणून लोयांगलानीतल्या कुणाचा एक जेरीकॅन भरणार नाही. स्वतःला शिक्षा करून घेतल्याने मनाला हलकं वाटतं खरं, पण त्यातून दुसऱ्याला काही मिळत नाही.

तरी मुलीच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती तिला वाटते त्याहून जवळची आहे. नैरोबीतच पाण्याची टंचाई आहे. शहराचं बहुतेक पाणी उत्तरेकडच्या डोंगरांतल्या नदाकैनी धरणातून येतं आणि 2017 पासून शहरात पाळीपाळीने पाणी सोडलं जातं. किबेरासारख्या झोपडपट्ट्यांमध्ये लोक पाण्याच्या टपरीवरून पैसे मोजून जेरीकॅन भरून घेतात. हॉटेलं बोअरवेल आणि टँकरवर चालतात, म्हणून त्यांच्या नळाला खंड पडत नाही. तेव्हा गरम पाणी घ्या, केस दोनदा धुवायचे तर धुवा, पण टब भरू नका. एका टबात सहज दीडशे लिटर पाणी जातं, म्हणजे त्याच पिवळ्या जेरीकॅनचे सात-आठ झाले. खोली घेतानाच विचारा की शॉवर आहे का, आणि बादली मिळेल का. बादली मागायला संकोच करू नका, पार्कलँड्स या जुन्या भारतीय वस्तीकडच्या हॉटेलांना भारतीय पाहुण्यांची ही मागणी ठाऊक असते. मुलीला सांगा की टबात बसणार नाही, बादलीने अंघोळ करणार आहे. मला वाटतं तिला हे पटेल.

तिच्याशी बोलायचं आणखी एक आहे. हॉटेलात मोजलेले पैसे कुठे जातात? खोली झाडणारी, कपडे धुणारी, दारावर उभा असलेला रखवालदार, रात्रपाळीचा स्वयंपाकी, यांतले कितीतरी जण गावाकडून आलेले असतात आणि पगाराचा एक भाग फोनवरून गावी जातो. केनियात 2007 साली एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय, सुरू झालं, ते मुख्यतः याच कामामुळे इतक्या लवकर पसरलं: शहरात कमावणाऱ्याने गावच्या माणसांना पैसे धाडणं. बँकेत काम करणाऱ्या बाईला हे निराळं समजावून सांगायला नको. सगळा पैसा तिथेच राहतो असं नाही, परदेशी साखळीच्या हॉटेलातला बराचसा बाहेर जातो. म्हणून शक्य असेल तर केनियन मालकीचं हॉटेल निवडा. अशी मध्यम दर्जाची हॉटेलं नैरोबीत पुष्कळ आहेत, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या गुजराती, पंजाबी कुटुंबांचीही आहेत.

आता मैत्रिणीच्या ‘खऱ्या आफ्रिके’कडे येऊ. हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी मला ते सलतं. तंबू, धूळ, सिंह, शिंपल्यांच्या आणि मण्यांच्या माळा घातलेली माणसं म्हणजे खरी आफ्रिका, आणि काचेच्या इमारती, कॉफीची दुकानं, ट्रॅफिक जॅम म्हणजे नकली? नैरोबीत 2019 च्या जनगणनेनुसार 44 लाखांच्या आसपास माणसं राहतात. ती सगळी काय खोट्या आफ्रिकेत राहतात? सकाळी मटाटूला, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसला, लोंबकळत कामावर जाणारा कारकून मरालालच्या गुराख्याइतकाच केनियन आहे.

शिवाय या शहराचं आपल्याशी नातं आहे. 1899 साली मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेचा तळ म्हणून ते वसलं. ती रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते. त्यातले हजारो मेले, आणि काही तिथेच राहिले. गोव्याची माणसं तिथे कारकून, शिंपी, स्वयंपाकी, डॉक्टर म्हणून गेली. डॉक्टर रिबेरो हे गोव्याचे. अगदी सुरुवातीच्या नैरोबीत त्यांचा खासगी दवाखाना होता आणि ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्णांच्या घरी जात. 1902 साली हिंदी बाजारात प्लेग आल्याचं त्यांनीच ओळखलं, आणि त्यानंतर तो बाजार जाळून टाकण्यात आला. गोव्याचे पिओ गामा पिंटो याच शहरात जन्मले, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले आणि 1965 साली याच शहरात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तुर्काना बघून आल्यावर या शहराला दोन दिवस दिले तर प्रवास अपुरा राहणार नाही, उलट त्यात भर पडेल.

आणि एक गोष्ट मैत्रिणीला शांतपणे सांगा. आरामाचं हॉटेल परकं आणि कष्टाचा तंबू अस्सल, ही कल्पना आफ्रिकेतून आलेली नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या काळात नैरोबीच्या मोठ्या हॉटेलांत आफ्रिकी आणि आशियाई माणसांना पाहुणे म्हणून प्रवेश नसे. नॉरफोक हे हॉटेल 1904 चं, तिथून शिकारीच्या सफारी निघायच्या. त्या सफारींना आपण साहसी म्हणतो, पण साहेबाचा तंबू, खुर्ची, टेबल, अंघोळीचा कॅनव्हासचा टबसुद्धा हमालांच्या डोक्यावरून जायचा. कष्ट कुणाचे आणि साहस कुणाचं, हा प्रश्न तेव्हाही होता. आज त्याच जुन्या हॉटेलांच्या दिवाणखान्यात केनियन कुटुंबं मुलांचे वाढदिवस करतात, लग्नाची बोलणी करतात. तिथे चहा प्यायला बसलात तर तो अनुभव ‘खऱ्या’ केनियाचाच आहे.

तुमच्या ट्रकबरोबर एक चालक असेल, एक स्वयंपाकी असेल, कदाचित एक मदतनीस. पंधरा दिवस तेच ट्रक गाळातून काढतील, टायर बदलतील, पहाटे तुमच्या आधी उठून चहा ठेवतील. मैत्रिणींना हा प्रश्न विचाराच: नैरोबीच्या तीन रात्री तंबूत राहायचं तर ही माणसं कुठे राहणार? अशा चालक-स्वयंपाक्यांची घरं बऱ्याचदा नैरोबीत किंवा जवळच असतात. पंधरवडाभर घराबाहेर असलेल्या माणसाला घरापासून तासाभराच्या अंतरावर आणखी तीन दिवस तुमच्यासाठी भाजी चिरत बसावं लागणार का? एजंटला विचारून घ्या. तसं असेल तर शहरात पोचल्या संध्याकाळीच त्यांना मोकळं करा, बक्षिसी हातात द्या, आणि जेवण बाहेर करा. सगळा विचार आपल्या मनाच्या शुद्धतेभोवतीच फिरत राहिला की शेजारी उभा असलेला माणूस दिसेनासा होतो.

यजमानांच्या रंगकामाचं थोडक्यात सांगते. मध्यम, स्वच्छ, सुरक्षित खोली नैरोबीत साधारण 80 ते 120 डॉलरांत मिळते. दोन रात्रींत हॉल रंगवून होणार नाही. तीन दिवस आधी परतायचं तर त्यात धोका आहे. तुमच्या वाटेवर मार्साबिटपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथून सरोवराकडे वळलं की दगड, वाळू आणि कोरडे ओढे. त्या ओढ्यांना तिथे लुगा म्हणतात. वर डोंगरात पाऊस झाला की लुगा अचानक भरून वाहतो आणि पाणी उतरेपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नसतो. ट्रकचं स्प्रिंग तुटलं तर सुटा भाग मरालालहून किंवा नैरोबीहून यावा लागतो. विमानाआधी दोन-तीन दिवस हाताशी असणं ही तिथे गरजच आहे. ते दिवस मोकळे मिळाले तर त्यात काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आता ‘मी लाडावलेली आहे का’ याबद्दल. लोयांगलानीचा वारा तुम्ही अजून अनुभवलेला नाही. कुलाल पर्वताच्या बाजूने तो असा सुटतो की तंबूचं कापड रात्रभर फडफडतं, दोर ताणले जातात, आणि शेजारी झोपलेल्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. त्या वाऱ्याची ताकद एवढी की त्या भागात 365 पवनचक्क्यांचा प्रकल्प उभा आहे आणि त्याची वीज देशभर जाते. त्याआधी चाल्बीची धूळ. ती पिठासारखी बारीक असते, बंद चेनमधूनही आत शिरते, कानामागे, नखांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली जाऊन बसते. दिवसा 35-38 अंश, पाणी मोजून, जेवण साधं. हे सगळं तुम्ही आपणहून निवडलं आहे, सुट्टी आणि पैसा खर्चून. जिला कष्ट नको असतात ती या वाटेला जात नाही. अशी बाई पंधरा दिवसांनी दार लावून झोपायला मागते, यात लाडाचं काय आहे? आणि वयाचा मुद्दा तर मनातून काढूनच टाका. 25 वर्षांची मुलंही त्या ट्रकमधून उतरून हेच मागतात.

उलट माझा अनुभव असा की ज्यांना शेवटी नीट विसावा मिळत नाही, त्यांच्या डोक्यात प्रवासाचा नुसता गलका उरतो. दोन दिवस एका जागी बसून वही लिहिली, फोटो चाळले, कुणाचं नाव काय, कुठल्या गावात काय पाहिलं हे टिपून ठेवलं, की मग ते टिकतं. घरी आल्यावर हे होत नाही. सोमवारी बँक असते.

म्हणून माझा हिशेब असा. थकवा सगळ्यात जास्त असतो तो शहरात पोचल्याच्या रात्री. हॉटेलची गरज तेव्हा असते, म्हणून पहिल्या दोन रात्री हॉटेलात. तिसरी, शेवटची रात्र मैत्रिणींबरोबर कॅम्पसाइटवर. तोवर तुम्ही ताज्या झालेल्या असाल, एकत्र जेवण, गप्पा, आवराआवर सगळं आनंदाने होईल, आणि पंधरवड्याचा निरोप चौघींचा एकत्र होईल. कॅम्पसाइटच्या तिन्ही रात्रींचा तुमचा वाटा मात्र पूर्ण द्या, म्हणजे तुमच्या हॉटेलचा भार इतरांवर पडला असं कुणाला वाटणार नाही. आणि हे आत्ता, सांगलीत असतानाच सांगा. मार्साबिटमध्ये सगळ्या दमलेल्या असताना हा विषय निघाला तर त्याचं भांडण होईल. हेही सांगून ठेवा की खोलीत अंघोळीला कुणीही या. मला तर वाटतं, तिघींपैकी निदान एक तरी येईल आणि कदाचित खोलीचं भाडंही वाटून घेईल.

हॉटेल कुठे घ्यावं? मध्यवस्तीतली जुनी हॉटेलं देखणी आहेत, वस्तुसंग्रहालय जवळ पडतं, पण अंधार पडल्यावर तिथे पायी हिंडता येत नाही. कॅरन आणि लँगाटा शांत, झाडीचे भाग, पण सगळ्यापासून लांब. तुमच्यासाठी मी पार्कलँड्स-वेस्टलँड्सचा भाग सुचवेन. भारतीय वस्ती जुनी, वरण-भात, इडली, गुजराती थाळी सगळं मिळतं, आगा खान विद्यापीठाचं मोठं रुग्णालय तिथेच आहे, आणि 2022 साली झालेला 27 किलोमीटरचा एक्स्प्रेसवे वेस्टलँड्सहून विमानतळाच्या बाजूला जातो. वेस्टलँड्समध्ये रात्री उशिरापर्यंत क्लब चालतात, म्हणून खोली रस्त्याच्या उलट बाजूची मागा. बुकिंग करताना 16 टक्के व्हॅट आणि 2 टक्के पर्यटन कर भाड्यात धरला आहे का, जनरेटर आहे का, गरम पाणी दिवसभर असतं का, आणि ट्रक उशिरा पोचला तर तारीख पुढे ढकलता येईल का, हे लेखी विचारून घ्या. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

एकट्या बाईच्या काळजीबद्दल: हॉटेलच्या फाटकावर गाडीखाली आरसा फिरवतील, बॅगा यंत्रातून घालतील. 1998 चा दूतावासावरचा बॉम्बहल्ला, 2013 चा वेस्टगेट मॉल, 2019 चा हॉटेल-संकुलावरचा हल्ला, यानंतर हे तिथलं रोजचं झालं आहे, घाबरू नका. रस्त्यावरचा खरा त्रास फोन हिसकावण्याचा. चालताना फोन हातात नको, गाडीत काच खाली नको, संध्याकाळनंतर दोन चौकांचं अंतर असलं तरी ॲपवरची टॅक्सी. एवढं पाळून हजारो बायका तिथे रोज एकट्या राहतात, कामाला जातात.

एक युक्ती सांगते, ती फार उपयोगी पडते. उत्तरेला निघण्याआधीची रात्रही त्याच हॉटेलात घ्या आणि एक लहान बॅग तिथे ठेवून जा. परत येणाऱ्या पाहुण्याची बॅग हॉटेलं सहसा सांभाळतात, आधी विचारून ठेवा. तिच्यात एक धुतलेला सुती ड्रेस, आतले कपडे, चपला, तेलाची बाटली, आणि एक गरम स्वेटर. स्वेटर विसरू नका. नैरोबी समुद्रसपाटीपासून 1,700 मीटरवर आहे आणि ऑगस्टमध्ये रात्री पारा 11-12 अंशांवर येतो. तुर्कानाच्या भट्टीतून आलेल्या माणसाला तिथे हुडहुडी भरते. खोल्यांत हीटर असेलच असं नाही, जादा ब्लँकेट मागून घ्या.

पोचल्यावर खोलीत शिरताच बूट आणि ट्रकमधले कपडे दाराशीच काढा. ते हॉटेलच्या लाँड्रीत द्या, आतले कपडे मात्र स्वतः धुवा, तिथे ते दुसऱ्याकडून धुऊन घेण्याची रीत नाही. मळक्या कपड्यांसाठी भारतातून प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. केनियात 2017 पासून त्यांवर कडक बंदी आहे, आणि 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. कापडी पिशव्या शिवून घ्या, चिवडा-चकलीसाठीही डबे न्या. अंघोळ फार कढत पाण्याने नको. शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, भोवळ येते. आधी दोन ग्लास पाणी, मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम, मग अंघोळ. पहिल्या रात्री बुफेवर तुटून पडू नका. पंधरा दिवस साधं जेवलेलं पोट चीज आणि तळणाने बिघडतं आणि विमानात हाल होतात. उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि परतलेली पालेभाजी, हे हॉटेलात मागा. भाकरी-भाजीच्या माणसाला ते लगेच मानवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तुसंग्रहालयात जा. तुर्कानाच्या पश्चिम काठावर 1984 साली सापडलेल्या मुलाचा सांगाडा तिथे आहे, साधारण 15-16 लाख वर्षांपूर्वीचा, जवळजवळ संपूर्ण. ज्या सरोवराच्या वाऱ्याने तुम्हाला झोपू दिलं नाही, त्याच्याच काठचा हा मुलगा. ते सरोवर बघून आल्यावर त्याच्यासमोर उभं राहणं वेगळंच. वेळ उरला तर रेल्वेचं संग्रहालय बघा. 1900 साली किमा स्थानकावर ज्या डब्यातून सिंहाने एका पोलीस अधिकाऱ्याला ओढून नेलं, तो डबा तिथे ठेवला आहे.

ज्यांचा प्रवास दुसरीकडे संपतो त्यांच्यासाठीही एवढंच. किलिमांजारो उतरून त्याच संध्याकाळचं विमान धरू नका, मोशी किंवा अरुशात निदान एक रात्र झोपा. गुडघे आणि पायाची नखं तुमचे आभार मानतील. इथिओपियात दनाकिलच्या खोलगट भागातून आदिस अबाबाला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की समुद्रसपाटीच्या खालून तुम्ही एकदम 2,300 मीटरवर येता. पहिल्या रात्री जिन्याने धाप लागते, दारू तर नकोच. नामिबियात स्वतः गाडी चालवत फिरणाऱ्यांनी विंडहुकला शेवटचा दिवस गाडी धुणं, भाड्याच्या गाडीचे ओरखडे दाखवणं आणि झोप यांसाठीच ठेवावा. कुठेही असा, विमानाच्या आदल्या दोन रात्रींचे पैसे प्रवासाच्या मूळ खर्चातच धरा. नंतर वरून द्यायचे म्हटले की त्यांनाच कात्री लागते.

तब्येतीचं एक. नैरोबीत उंचीमुळे मलेरियाचा धोका कमी आहे, म्हणून हॉटेलात आल्यावर लोक गोळ्या बंद करतात. तसं करू नका. धोका उत्तरेतून बरोबर आलेला असू शकतो. डॉक्सीसायक्लीन चालू असेल तर मलेरियाचा भाग सोडल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर 7 दिवस. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं वेळापत्रक कागदावर लिहून जवळ ठेवा. घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आले आहे.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घेतलेली हवी. केनियाहून भारतात उतरताना तिचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ते कार्ड हॉटेलात ठेवलेल्या बॅगेत किंवा चेक-इनच्या सामानात टाकू नका. पासपोर्टमध्येच राहू द्या.